कारखान्याचे कान

जवळून पाहिली तर सुझुकीची १९७० सालची ‘आरएच ७०’ ही मोटारसायकल देखणी वाटत नाही. शोरूममधल्या गाडीला जी चकाकी लागते, तिच्यावर इथे कुणी वेळ घालवलेला नाही. खास शर्यतीसाठी घडवलेल्या त्या काळच्या अशा गाड्यांच्या इंजिनाचं कवच बरेचदा मॅग्नेशियमचं, वाळूच्या साच्यात ओतलेलं असे. म्हणून ते हाताला खरखरीत लागतं. सायलेन्सर तर मुद्दाम निरखावा असा. पत्रा कापून, शंकूसारखा वळवून, एक शंकू दुसऱ्याला वेल्डिंगने जोडत नेलेली ती नळी पोटाशी फुगते आणि शेवटाकडे निमुळती होते. प्रत्येक सांध्याची कड बोटाला जाणवते. टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. जळलेला धूर बाहेर पडताना त्याच्या मागोमाग पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रणही निसटतं; नळीच्या निमुळत्या भागावरून उलटलेली दाबाची लाट ते मिश्रण ऐन वेळी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही लाट इंजिनाच्या कोणत्या गतीला नेमकी पोचायची, ते शंकूंची लांबी आणि उतार ठरवतात. लांबी वाढवली की गाडी खालच्या गतीला चांगली ओढते, कमी केली की सगळा जोर वरच्या गतीला जातो. यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलून पाहणाऱ्या आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांना हे कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक असतं. म्हणजे ‘आरएच’च्या त्या ओबडधोबड सांध्यांमध्ये एक निर्णय गोठलेला आहे : ताकद कुठे हवी, कुठे नको. हा निर्णय कुणाचा? ड्रॉइंग बोर्डापुढे बसलेल्या माणसाचा, की चिखलात गाडी हाकणाऱ्याचा? या गाडीच्या मोठेपणाचा सगळा वाद माझ्या मते या एका प्रश्नावर येऊन ठरतो.

‘आरएच ७०’ घडली ती मोटोक्रॉससाठी. हा मूळचा युरोपचा खेळ. माती, वाळू, चिखल, चढ-उतार आणि उड्या असलेल्या बंदिस्त मार्गावर चाळीसेक मिनिटांच्या दोन शर्यती, आणि दोन्हींचा मिळून निकाल. ५०० सीसी गटाचं विश्व अजिंक्यपद १९५७ साली सुरू झालं, २५० सीसीचं १९६२ साली. तेव्हापासूनची विजेतेपदं स्वीडनची हुस्कव्हार्ना, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड, ब्रिटनची बीएसए अशा युरोपीय गाड्यांकडेच जात राहिली. १९७० साली बेल्जियमच्या जोएल रोबेरने सुझुकीवर बसून २५० सीसीचं विजेतेपद घेतलं, त्याच संघाचा सिल्व्हाँ गेबूर्स दुसरा आला, आणि जपानी गाडीने हा किल्ला पहिल्यांदा सर केला. त्या गाड्या आज दुर्मीळ आहेत याचं कारण साधं आहे. त्या कधी विकायला काढल्याच नव्हत्या. मोजक्या घडवायच्या, हंगामभर झिजवायच्या, पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आणायची. जुन्यांतल्या बहुतेक सुट्या झाल्या, मोडीत गेल्या. एखादी वाचलेली गाडी सापडली की संग्राहकांमध्ये धावपळ उडते. ते स्वाभाविक आहे. पण या गाड्यांबद्दल बोलताना दोनच गोष्टींचा गजर होतो, जपानी इंजिनाची ताकद आणि जपानी कंपनीचा पैसा. दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांच्याने हा विजय उलगडत नाही. सुझुकी जिंकली ती स्वाराचं ऐकायला शिकली म्हणून. ज्या ज्या वेळी तिने ऐकलं नाही, त्या त्या वेळी तीच कंपनी, तेच इंजिनिअर आणि तोच पैसा असूनही ती हरली.

सुझुकीने युरोपातल्या मोटोक्रॉसमध्ये पहिलं पाऊल १९६५ साली टाकलं. काझुओ कुबो आणि त्याचा एक साथीदार असे दोन जपानी स्वार गाड्या घेऊन युरोपात गेले आणि नामुष्की पदरी घेऊन परतले. त्या वेळी कंपनी गरीब किंवा अडाणी होती का? मुळीच नाही. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींत सुझुकी तोवर जगज्जेती झालेली होती. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पश्चिमेकडे पळून आला, टू-स्ट्रोकमधून ताकद कशी काढायची याची एमझेडची विद्या त्याच्यासोबत सुझुकीला मिळाली, आणि १९६२ साली त्यानेच सुझुकीला ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या वर्षी ५० आणि १२५ अशा दोन्ही गटांची विजेतेपदं सुझुकीकडे होती. ही विद्या उसनी होती, नैतिकदृष्ट्या तिच्यावर बोट ठेवता येतं, आणि ते ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मला दिसतं ते एवढंच, की १९६५ साली ही विद्याही हाताशी होती आणि पैसाही, तरी मातीत त्यांचा काही उपयोग झाला नाही. डांबरावर चाकाची पकड जवळपास ठरलेली असते. इंजिनाने वरच्या गतीला जोर दिला की काम भागतं. मातीत पकड दर हाताला बदलते. तिथे ताकद एकदम आली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, गाडी आडवी होते, आणि स्वाराचा सगळा जीव तिला सरळ करण्यात जातो. चढाच्या पायथ्याशी, अर्ध्या वेगात असताना, थ्रॉटल किंचित पिळल्यावर जे मिळतं तेच मोटोक्रॉसमध्ये खरं. हे बाकावर इंजिन बांधून मोजता येत नाही; ते बसणाऱ्यालाच कळतं, आणि त्याने सांगावं लागतं.

सांगणारा माणूस सुझुकीने शोधला तो स्वीडनचा ओले पेटरसन. १९६७ च्या सुमारास कंपनीने त्याला गाडी विकसित करण्याच्या कामावर घेतलं. तो त्या काळचा सर्वांत वेगवान स्वार नव्हता; विश्वविजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. कंपनीला नुसती झटपट प्रसिद्धी हवी असती, तर तिने थेट एखाद्या विजेत्याकडे धाव घेतली असती. तिने घेतला तो गाडीची चूक ओळखून सांगू शकणारा. गाडी चालवायची, कुठे काय बिघडतं ते सांगायचं, बदल होऊन आलेली गाडी पुन्हा त्याच खड्ड्यांवरून न्यायची, पुन्हा सांगायचं, असं हे चिकाटीचं आणि टाळ्या न मिळणारं काम. जपानमधल्या हमामात्सूतले सुझुकीचे इंजिनिअर आणि स्वीडनचा हा स्वार यांच्यात भाषेची अडचण होती, अंतर अर्ध्या पृथ्वीचं होतं. तरी गाडी दर हंगामात सुधारत गेली, याचा पुरावा निकालांच्या तक्त्यात आहे. १९६५ साली ज्या गाडीची कुणी दखल घेतली नव्हती, तिच्याच वंशातल्या गाडीवर पेटरसन १९६९ साली २५० सीसीच्या क्रमवारीत तिसरा आला. त्याच्या पुढे दोघेच होते, रोबेर आणि गेबूर्स, आणि दोघेही सीझेडवर. पुढच्याच वर्षी ते दोघे सुझुकीवर आले. म्हणजे विजेता येण्याआधी विजयी गाडी जवळपास तयार होती. हा क्रम माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. रोबेर हा असामान्य स्वार होता. १९६४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने सीझेडवर पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं. १९६८ आणि १९६९ सालीही सीझेडवरच. मग १९७०, १९७१ आणि १९७२ ची त्याची विजेतेपदं सुझुकीच्या खात्यावर कशी मांडायची? तो सायकलवर बसला असता तरी जिंकला असता, असं त्याचे चाहते म्हणतील. फक्त रोबेरचाच पुरावा असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच्या शेजारी रॉजर डी कोस्टर उभा आहे. हाही बेल्जियमचा, हाही सीझेडवरून आलेला. सीझेडवर असताना त्याला विश्वविजेतेपदाने हुलकावणी दिली होती. १९७१ साली तो सुझुकीच्या ५०० सीसी गटातल्या गाडीवर आला आणि त्याच वर्षी जिंकला; नंतर १९७२, १९७३, १९७५ आणि १९७६ साली. माणूस तोच, देश तोच, प्रतिस्पर्धीही बरेचसे तेच. बदललं ते वाहन. शिवाय रोबेर आणि डी कोस्टर यांच्यात साम्य शोधायला जावं तर हाती काही लागत नाही. रोबेर सरावाला कंटाळणारा, मौजमजेत रमणारा, निव्वळ अंगभूत प्रतिभेवर जिंकणारा. डी कोस्टर शरीर घासूनपुसून तयार ठेवणारा, यंत्राचा बारीक विचार करणारा. दोन अगदी विरुद्ध स्वभावांचे स्वार एकाच कारखान्याच्या गाड्यांवर अजिंक्य ठरले, तेव्हा गाडीतही काही होतं हे मानावंच लागतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. टायटॅनियमचे बोल्ट, मॅग्नेशियमची कवचं, हाताने ठोकून घडवलेल्या अॅल्युमिनियमच्या टाक्या, हे सगळं सीझेडला परवडणारं नव्हतं. सुझुकीच्या गाड्या इतक्या हलक्या झाल्या की आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९७३ च्या हंगामापासून किमान वजनाचा नियम आणला : २५० सीसी गाडीला ८८ किलो, ५०० सीसी गाडीला ९५ किलो. सुझुकीच्या गाड्या या रेषांच्या बऱ्याच खाली होत्या. त्यांना वजन वाढवावं लागलं. लहान कारखान्यांना वाचवायला हा नियम आणला गेला असेल तर त्यामागची भावना मला समजते, आणि पैशाने फरक पडला हेही मी नाकारत नाही. मात्र पैसा कुठे ओतायचा हे पैसा सांगत नाही. १९६५ साली पैसा होता तेव्हा तो इंजिनात ओतला गेला. नंतर तो वजन कमी करण्यात गेला, आणि ही दिशा स्वाराच्या अंगातून आली. दुसऱ्या शर्यतीच्या अखेरीला, खांदे भरून आलेले असताना, उडीनंतर हवेत तिरपी झालेली गाडी सरळ करणाऱ्याला एक किलो म्हणजे काय ते कळतं. कागदावर दोन अश्वशक्ती वाढवणं आकर्षक दिसतं. स्वाराला विचारलं तर तो आधी पाच किलो कमी करा म्हणेल. सुझुकीने विचारलं होतं.

न विचारल्यावर काय होतं त्याचा दाखलाही सुझुकीनेच देऊन ठेवला आहे. डी कोस्टर १९७१ साली ५०० सीसी गटात जिंकत होता, आणि त्याच वर्षी कंपनीने सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी ‘टीएम ४००’ बाजारात आणली. ३९६ सीसीचं इंजिन, चाळीस अश्वशक्तींचा दावा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि मागे विश्वविजेत्या कारखान्याचं नाव. लोकांनी ती हौसेने घेतली, आणि आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये ती तिच्या धोकादायकपणासाठीच ओळखली जाते. खालच्या गतीला ती जेमतेम ओढायची आणि मग इशारा न देता सगळी ताकद एका क्षणात चाकावर यायची. चेसिसला ती पेलत नव्हती, मागचे शॉकअॅब्सॉर्बर उताराच्या खड्ड्यांवर हात टेकायचे. वजन शंभर किलोंच्या वर. मालक आपापल्या परीने फ्लायव्हील जड करून तिला माणसाळवत बसले. माप न घेता शिवलेल्या अंगरख्यासारखी ती गाडी होती. कापड भारी, शिलाई पक्की, पण कुणाच्याच अंगाला बसणारी नाही. एकाच कारखान्यात, एकाच वर्षी, एक जगज्जेती गाडी आणि एक बदनाम गाडी जन्माला येते, तेव्हा ‘जपानी तंत्रज्ञान’ असं सरसकट बोट दाखवून चालत नाही. फरक कशाने पडला? एका गाडीवर दर आठवड्याला जगातला उत्तम स्वार बसत होता आणि परतल्यावर त्याचं म्हणणं कुणीतरी टिपून घेत होतं. दुसरीला तसा स्वार लाभला असता तर ती त्या रूपात दुकानापर्यंत पोचलीच नसती. विकायची गाडी स्वस्त करावी लागते, हे उत्तर अपुरं आहे. साधं पोलाद वापरल्याने गाडी जड होते, बेभरवशाची होत नाही. ताकद कुठल्या गतीला यावी, फ्लायव्हील किती जड असावं, हे बदलायला टायटॅनियम लागत नाही.

याहून बोलका दाखला तिल्केन्स यांचा. ल्यूसियाँ तिल्केन्स हे बेल्जियममधल्या लिएजचे इंजिनिअर. त्या काळात मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअॅब्सॉर्बर असत आणि चाकाला चारेक इंचच हालचाल मिळे. तिल्केन्स यांनी मागचं चाक धरणारा चिमटा त्रिकोणी केला आणि एकच लांब शॉकअॅब्सॉर्बर टाकीखालून थेट चेसिसच्या मानेपर्यंत नेला. चाकाला जास्त हालचाल मिळाली आणि ते जमिनीला धरून राहू लागलं. ही रचना आधी सुझुकीच्या दारात आली होती. कंपनीच्या बेल्जियन स्वारांनी ती चालवून पाहिली. कंपनीने ती घेतली नाही. यामाहाने घेतली. १९७३ साली स्वीडनचा हाकान आंदेरसॉन त्या एका शॉकअॅब्सॉर्बरच्या यामाहावर २५० सीसीचा विश्वविजेता झाला. रोबेरची सलग तीन वर्षांची सत्ता संपली ती त्याच वर्षी. किमान वजनाच्या नियमाने त्याची गाडी जड झाली, वय आणि दुखापतीही आड आल्या, हे सगळं हिशेबात धरलं तरी नवी कल्पना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेली हे उरतंच. झालं ते सांगणं सोपं असतं, प्रत्येक शोधकाला कारखान्यात घेता येत नाही, आणि जुन्या दोन शॉकअॅब्सॉर्बरच्या गाडीवर डी कोस्टरने त्याच वर्षी ५०० सीसी गट जिंकलाच ना, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. म्हणूनच मी सुझुकीला मूर्ख ठरवत नाही. मी एवढंच दाखवतो, की पाच वर्षांपूर्वी बाहेरच्या माणसाच्या म्हणण्यावर गाडी उभारणारी कंपनी जिंकायला लागल्यावर थोडी कमी ऐकू लागली. विजयी संस्थांचं असं होतं, आणि त्याची किंमत मैदानावर चुकती करावी लागते.

तिसरा आक्षेप नकलेचा. जपान्यांनी युरोपच्या गाड्या समोर ठेवून उतारा केला, एवढंच. सुरुवातीच्या गाड्यांवर सीझेड आणि हुस्कव्हार्नाची छाप होती हे चित्रं पाहिल्यावर दिसतं. पण उतारा मुळाइतकाच होतो, क्वचित त्याहून बरा. मूळ गाडी आणि उतारा यांच्यात इतकं अंतर पडलं की नियम करून ते भरून काढावं लागलं, तेव्हा नकलेचा आरोप आपोआप गळतो.

सुझुकी पुन्हा शहाणी झाली, ही या कथेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९७५ पासून ‘टीएम’ मागे पडून ‘आरएम’ मालिका आली. तिची जडणघडण कारखान्याच्या शर्यतगाड्यांवरून झाली, आणि दुकानातून घेतलेली गाडी थेट शर्यतीत उतरवता येऊ लागली. त्याच वर्षी १२५ सीसीचं विश्व अजिंक्यपद सुरू झालं. बेल्जियमचा गास्ताँ राहिए पहिली तीन वर्षं सुझुकीवर जिंकला. १९७५ ते १९८४ अशी लागोपाठ दहा वर्षं त्या गटाचा विजेता सुझुकीवरच होता. त्यातलं १९७८ चं विजेतेपद आकिरा वातानाबेचं. मोटोक्रॉसचा तो पहिला जपानी विश्वविजेता. १९६५ साली कुबो आणि त्याचा साथीदार ज्या मैदानांवरून रिकाम्या हाताने परतले, तिथे त्यांच्याच देशाचा मुलगा तेरा वर्षांनी अव्वल ठरला. मधल्या काळात त्या कारखान्याने स्वीडिश आणि बेल्जियन स्वारांकडून जे ऐकलं, ते अखेर आपल्या माणसाच्या कामी आलं.

म्हणून अशी एखादी गाडी संग्रहालयात किंवा कुणाच्या खासगी संग्रहात उभी असेल, तर तिची निगा राखणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. तिचे खरखरीत सांधे घासून गुळगुळीत करू नका. कुणीतरी फाइलने उतरवलेली कड, नंतर भोक पाडून हलकी केलेली पट्टी, एकदा कापून पुन्हा जोडलेला सायलेन्सर हे बिघाड नाहीत. ते स्वार आणि इंजिनिअर यांच्यातल्या संभाषणाचे उरलेले कागद आहेत. गंजापासून जरूर वाचवा. क्रोमचा मुलामा मात्र चढवू नका. आणि शेजारच्या फलकावर रोबेर, डी कोस्टर ही नावं लिहाल तेव्हा ओले पेटरसन हे नावही त्याच टाइपात लिहा.